रान शिकवताना : प्रस्तावना

प्राथमिक शाळेत वर्षावनाचा पाठ निघाला, की फळ्यावर सगळ्यात आधी अ‍ॅमेझॉन येते. पाठोपाठ रंगीबेरंगी पोपट, फांदीला लोंबकळणारा स्लॉथ आणि झाडाला विळखा घातलेला अजगर येतो. मुले चित्र रंगवतात, ‘वर्षावने ही पृथ्वीची फुफ्फुसे आहेत’ हे वाक्य वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. ते वाक्य शास्त्राच्या कसोटीवरही लंगडेच आहे. जुने, पुरते वाढलेले जंगल जेवढा प्राणवायू सोडते, जवळजवळ तेवढाच त्याच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. हाच पाठ नाशिक जिल्ह्यात सुरगाणा तालुक्यातल्या उंबरठाण, बाऱ्हे किंवा बोरगावच्या शाळेत चालू असतो तेव्हा वर्गाच्या खिडकीबाहेर सागाचे रान पावसात भिजत उभे असते आणि पाठात त्याचे नावही नसते.

हे पुस्तक त्या खिडकीबाहेरच्या रानापासून सुरुवात करते. जंगल हा विषय मुलांना शिकवायचा तर त्यांच्या पायाखालच्या जंगलापासून निघावे आणि मग आंबोली, अ‍ॅमेझॉनपर्यंत जावे, ही त्यामागची भूमिका आहे. ऐकायला ती साधी वाटते. प्रत्यक्षात ती पेलायला भूगोल, वनशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि या मुलखातल्या माणसांचे जगणे या चारही गोष्टी शिक्षकाला थोड्या थोड्या माहीत असाव्या लागतात. त्यांची तोंडओळख करून देणे हे या प्रस्तावनेचे काम.

पहिला प्रश्न अर्थातच, वर्षावन म्हणजे काय? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर याने 1898 मध्ये ही संज्ञा शास्त्रात रुजवली. बाराही महिने ओल असलेले, सदाहरित, उंच झाडांचे, वेलींनी आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींनी गच्च भरलेले उष्ण प्रदेशातले जंगल त्याला अभिप्रेत होते. अशी जंगले जमिनीचा जेमतेम 6-7 टक्के भाग व्यापतात, पण जगातल्या ज्ञात जीवजातींपैकी निम्म्याहून अधिक तिथे सापडतात असे मानले जाते. भारतातल्या जंगलांची वर्गवारी चॅम्पियन याने 1936 मध्ये केली. 1968 मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी ती सुधारून 16 मुख्य गट पाडले, आणि वनखात्यात आजही तीच चालते. तिच्यानुसार महाराष्ट्रातली सदाहरित आणि निमसदाहरित जंगले आंबोली, राधानगरी, चांदोली, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर अशी सह्याद्रीच्या धारेने वर येतात आणि उत्तरेकडे विरळ होत जातात. सुरगाणा, पेठ आणि पलीकडचा गुजरातमधला डांग हा सह्याद्रीचा उत्तरेकडचा शेवट. इथले जंगल पानझडी आहे. साग, सादडा म्हणजे ऐन, खैर, हळदू, शिवण, मोह, पळस आणि बांबू ही त्यातली मुख्य मंडळी. म्हणजे काटेकोर अर्थाने सुरगाण्यात वर्षावन नाही, आणि पुस्तकाने ही गोष्ट पहिल्याच पानावर स्वच्छ सांगितली आहे.

मग सुरगाण्यात वर्षावन शिकवायचे कशाला? कारण वर्षावन नीट समजायला त्याच्या शेजारचे, त्याच्यासारखे आणि तरीही वेगळे असलेले जंगल लागते. सुरगाण्यात पाऊस भरपूर पडतो. येवला, सिन्नरकडच्या काही पट पडतो. तरी फेब्रुवारीत सागाची पाने गळू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये बायकांना हंडे घेऊन मैलभर चालावे लागते. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात, ऐन अ‍ॅमेझॉनच्या पोटात, वर्षाला साधारण 2300 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याच्या तिपटीच्या घरात पडतो. असे असूनही बाराही महिने खरी ओल राहते ती मनाउसकडे, कारण तिथला पाऊस वर्षभर वाटून येतो आणि आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. जंगलाचे रूप ठरवताना वर्षाचा एकूण पाऊस जितका मोजायचा तितकेच कोरडे महिनेही मोजायचे असतात. चौथीच्या मुलाला हे व्याख्येतून कळणे कठीण. पण वर्गाने जून ते सप्टेंबर रोज प्लास्टिकच्या बाटलीत पाऊस मोजला, ऑक्टोबर ते मे रिकाम्या बाटलीची नोंद ठेवली, आणि शेजारी मनाउसचा बारा महिन्यांचा तक्ता लावला, तर ते त्याला न सांगताही कळते.

जवळून दूर जाणाऱ्या अशा वाटा या तालुक्यात पावलोपावली आहेत. वर्षावनातल्या पानांची टोके लांब आणि निमुळती असतात, त्यामुळे पाणी चटकन ओघळून जाते, हे पाठ्यपुस्तकात चित्रासह असते. त्यासाठी अ‍ॅमेझॉनचे पान कशाला हवे? गावातल्या पिंपळाचे पान हातात द्यावे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पती शिकवायच्या तर आंब्यावरची आमरी आणि आंब्यावरचेच बांडगूळ ही दोन्ही दाखवावीत आणि विचारावे, यातले कोण नुसते मुक्कामाला आले आहे आणि कोण झाडाचा रस पिते आहे? झाडांच्या मजल्यांचा पाठ घ्यायचा तर सागाच्या शेंड्यापासून बांबूच्या बेटापर्यंत आणि तिथून खालच्या कुड्यापर्यंत नजर उतरवावी. उन्हाळ्यात साग पाने का टाकतो, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला, की सदाहरित झाड पाने का टाकत नाही हा प्रश्न आपोआप समोर येतो.

पाण्याचा पाठही असाच. केमच्या डोंगराच्या एका अंगाचे पाणी गिरणेतून खानदेशात जाते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि सुरतपाशी समुद्रात पोचते. दुसऱ्या अंगाचे नार-पारेतून उतरून वलसाड जिल्ह्यात थेट अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरावरचे दोन थेंब दोन वाटांनी जाऊन एकाच समुद्राला मिळतात, आणि थोड्याच अंतरावर त्र्यंबकला पडलेला तिसरा थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारे जंगल या सगळ्याच्या मुळाशी आहे. नार-पारचे पाणी पूर्वेला वळवावे की पश्चिमेला, यावर गेली कित्येक वर्षे वाद चालू आहेत, मोर्चे निघाले आहेत. त्या वादातली बाजू मुलांना शिकवणे हे शाळेचे काम नाही. पण ज्या पाण्यावरून मोठी माणसे भांडतात ते येते कुठून, हे पाचवीच्या मुलाला माहीत असायलाच हवे.

आता शिकवण्याच्या इतिहासाकडे वळू. मुलांना निसर्ग शिकवण्याच्या ढोबळमानाने चार परंपरा दिसतात.

पहिली निरीक्षणाची. अमेरिकेत अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी 1911 मध्ये शिक्षकांसाठी निसर्गाभ्यासाचे जाडजूड पुस्तक लिहिले. मुलाने आधी पाहावे, नाव नंतर शिकावे, हा त्याचा गाभा. रेचेल कार्सन यांनी 1956 च्या एका लेखात याच परंपरेला नवा सूर दिला. मुलाची नवलाई टिकवायची असेल तर तिच्यात सहभागी होणारे एक मोठे माणूस त्याच्या सोबत लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी परंपरा रक्षणाची. 1970 नंतर जंगलतोड, प्रदूषण आणि नष्ट होणारे प्राणी हे विषय शाळेत शिरले. 1977 मध्ये तिबिलिसी येथे युनेस्कोने भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाला जगभर अधिकृत चौकट दिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. वर्षावन हा जगभरातल्या प्राथमिक शाळांचा आवडता विषय झाला तो याच काळात. स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या शाळेची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1987 मध्ये तिथे वर्षावनांबद्दल एक भाषण झाले. ते ऐकून एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, की हे जंगल वाचवायला आपल्याला काय करता येईल? मुलांनी पैसे गोळा केले, इतर देशांतल्या शाळाही सामील झाल्या आणि कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्दे भागात आज सुमारे 22 हजार हेक्टरांचे राखीव जंगल मुलांच्या नावाने उभे आहे.

तिसरी परंपरा कामातून आणि परिसरातून शिकण्याची, आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. 1937 मध्ये वर्ध्याला नयी तालीमची मांडणी झाली. त्याआधी 1920 च्या दशकात ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करत होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते वाढवले. माँटेसरीची महागडी साधने वारली मुलांसाठी कुठून आणायची? त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले आणि दगडगोटे हीच साधने केली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली, आणि ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली. कोसबाद आणि सुरगाणा यांच्यात अंतर फारसे नाही, आणि मुलांच्या जगण्यातही फार फरक नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने हीच दिशा सरकारी शाळांच्या विज्ञानवर्गात नेली.

चौथी परंपरा अलीकडची, स्थानिक ज्ञानाला अभ्यासक्रमात जागा देणारी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला आणि गावकऱ्यांच्या रूढींत संवर्धनाची समज असते हे विज्ञानाच्या भाषेत दाखवून दिले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करण्याची तरतूद झाली. शाळांनी ही वही हाताशी धरली तर तिच्यासारखे पाठ्यपुस्तक नाही. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्ह्यागणिक वेगळी काढली, ते याच दिशेने टाकलेले पाऊल होते. मात्र नाशिक जिल्ह्याच्या एकाच पुस्तकात निफाडचे द्राक्षमळे आणि सुरगाण्याचे डोंगर दोन्ही बसवताना डोंगरांच्या वाट्याला थोडीच पाने येणार.

या परंपरा एकमेकींशी भांडतातही. निरीक्षणवाल्यांना रक्षणाचा पाठ घाईचा वाटतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी 1996 मध्ये इशारा दिला, की लहान मुलांवर जंगलतोडीच्या आणि विनाशाच्या बातम्यांचा मारा केला, की ती निसर्गाला भिऊन त्याच्यापासून दूर जातात. आधी ओळख आणि जिव्हाळा, संकटांची चर्चा नंतर. सुरगाण्यात या मुद्द्याला आणखी एक धार आहे. ‘माणसे जंगल तोडतात’ हे वाक्य शहरातल्या वर्गात कुणालाच लागत नाही. इथल्या वर्गात ते ऐकणाऱ्या मुलाचा बाप सरपणाची मोळी बांधतो, आई मोहफुले वेचते आणि पेरणीआधी घरची माणसे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पाठ ऐकून मुलाला आपले घरच गुन्हेगार वाटू लागले, तर तो पाठ फसला असे समजावे. राब का भाजतात, त्याने तण आणि कीड कशी जाते, त्यासाठी किती फांद्या लागतात आणि फांद्या कमी झाल्या तर पुढे काय, असा हिशेब वर्गात मांडता येतो. मुले तो मोठ्यांपेक्षा चोख मांडतात.

जंगल कोणाचे, हा प्रश्नही इथे पुस्तकी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे या तालुक्यातल्या कितीतरी घरांत कागदांच्या पिशवीत जपलेले आहेत. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. स्वीडनमधल्या मुलांनी दूरच्या जंगलासाठी पैसे जमवले, त्यांचे कौतुकच आहे. सुरगाण्यातल्या मुलाचे जंगलाशी नाते मात्र घरातले आहे, आणि घरातल्या माणसाविषयी बोलताना जी जपणूक लागते ती शिक्षकाला इथे लागते.

उलट टोकाचा भाबडेपणाही टाळायला हवा. आदिवासी मूल म्हणजे जन्मतः जंगलाचे जाणकार, असे गृहीत धरून चालत नाही. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाला रान दिसते ते सुट्टीत. दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या किंवा गुजरातेतल्या कामांना निघालेल्या आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाचा रानाचा अर्धा ऋतू हुकतो. आजीला पन्नास रानभाज्या ओळखता येतात, तिथे नातवाला दहा येत असतील. हे पुस्तक आत्ता हवे, ते यासाठी. हे ज्ञान जपणारी पिढी अजून गावात आहे, ओट्यावर बसलेली आहे, आणि शाळेने बोलावले तर येईल.

त्या ज्ञानात काय काय आहे, याची चुणूक इथे द्यायला हरकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तेरा ही रानभाजी उगवते. तिची नवी पाने आधी देवाला आणि मगच ताटात, ही तेरा सणाची रीत. कोवळे पान लगेच न खुडता त्याला वाढू देण्याची समज तिच्यात दडलेली आहे. कडूकंद चिरून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खात नाहीत, कारण त्यातले विष पाण्यात उतरावे लागते. रसायनशास्त्राचा हा धडा स्वयंपाकघरातच शिकवला जातो. वाघबारसेला गुराखी वाघदेवाची पूजा करतात. या डोंगरांत आता बिबट्याच उरला आहे, पण मोठे शिकारी जनावर आपल्या शेजारी राहते ही जाणीव सणाने टिकवली आहे. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव पावरीच्या सुरावर होतो, आणि त्यात डोंगर, कडे, गुहा, धान्य यांना नावानिशी बोलावले जाते. पावरी भोपळा आणि बांबू यांपासून बनते, म्हणजे वाद्याचा पाठही पुन्हा रानात जातो. या गोष्टी वर्गात आणताना त्यांना ‘लोककला’ म्हणून भिंतीवर टांगू नये, आणि अंधश्रद्धा म्हणून हिणवूही नये. त्या काय सांगतात ते आधी ऐकावे.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणा किंवा वारली बोलली जाते, आणि झाडापाखरांची नावे त्यांना त्याच भाषेत येतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही त्यावर भर दिला. पुस्तकाने यातून काढलेला मार्ग व्यवहारी आहे. झाडाची नोंद आधी मुलाच्या शब्दात, मग प्रमाण मराठीत, आणि मोठ्या वर्गात गेल्यावर शास्त्रीय नावात. शिक्षक बाहेरच्या तालुक्यातून आलेला असेल, तर पहिल्या रकान्यापुरती मुले त्याची गुरू होतात. यात शिक्षकाचा मान कमी होत नाही, उलट वर्ग मोकळा होतो.

पुस्तकाची बांधणी ऋतूंप्रमाणे आहे. रान एकदम कळत नाही, ते महिन्यामहिन्याने उलगडते. म्हणून एकच झाड वर्षभर पाहणे, एकच ओहोळ जूनमध्ये आणि मार्चमध्ये पाहणे, एकाच ताटातल्या भाज्या ऋतूगणिक मोजणे, अशी कामे पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक ऋतूच्या शेवटी दूरच्या जंगलाकडे एक खिडकी उघडते : कोयना, चांदोली, राधानगरी ही 2012 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातली ठिकाणे, मग कांगो, बोर्निओ, अ‍ॅमेझॉन. तोवर मुलाकडे तुलनेसाठी स्वतःच्या नोंदी जमलेल्या असतात. परदेशातले जंगल त्याला पाठ करावे लागत नाही, तपासून पाहता येते.

काही गोष्टी पुस्तक मुद्दाम करत नाही. ते कुठल्याही झाडाचे औषधी उपयोग मुलांना करून पाहायला सांगत नाही. बिब्याने अंग उतते, शेवळे नीट न शिजवल्यास घसा खाजतो, अनोळखी आळंबी जिवावर बेतू शकते, आणि पावसाळ्यात पालापाचोळ्यात सापविंचू असतात, हे इशारे त्यात ठळक आहेत. कंद उपटणे, घरटी उतरवणे, फुलपाखरे टाचणे या जुन्या निसर्गवर्गांतल्या सवयींनाही त्यात थारा नाही. पाहणे, मोजणे, विचारणे आणि लिहून ठेवणे, इतकेच.

हे पुस्तक परिपूर्ण असल्याचा दावा कोणी करू नये. सुरगाण्यासाठी लिहिलेले पाठ पेठ, त्र्यंबक, जव्हार, कळवणला थोड्या बदलांनी चालतील. गडचिरोलीच्या शिक्षकाला मात्र ते नव्याने लिहावे लागतील, आणि त्याने लिहावेतच. जंगलाविषयीचे चांगले पाठ्यपुस्तक एका ठिकाणचे असते, म्हणूनच ते दुसऱ्या ठिकाणी नमुना म्हणून उपयोगी पडते.

शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे आहे. हे पुस्तक आधी संपूर्ण वाचून मग शिकवायला घ्यावे, अशी अट नाही. जूनमध्ये शाळा उघडली, की वर्गाला घेऊन शाळेजवळचे एक झाड ठरवा, मुलांना त्याचे नाव विचारा आणि त्या दिवसाची तारीख टाकून नोंद सुरू करा. पुस्तकातली कोरी पाने त्यासाठीच ठेवली आहेत. ती भरा, आमची नावे चुकली असतील तर खोडून तुमच्या गावातली लिहा, आणि वर्षअखेरीस ती वही पुढच्या वर्गाच्या हाती सोपवा.